साडेबारा टक्के

परिपत्रकात आहे: प्रबंध ऐंशी हजार शब्दांच्या आत,
तळटीपा धरून,
संदर्भसूची आणि परिशिष्टं वगळून.
माझ्या स्क्रीनच्या तळाशी
एक्क्याण्णव हजार चारशे अठ्ठावीस.

रात्रीचा दीड. ऐरोली, सेक्टर आठ.
हिशेब केला तर जादा निघतात साडेबारा टक्के,
अर्ध्या शब्दाचा काय तो फरक.
हसू आलं.
आजोबांची फाइल अजून कपाटावर आहे, याच आकड्याची.
त्यांना जमिनीतले तेवढे परत मिळायचे होते.

आधी गेले 'सदर', 'प्रस्तुत', 'उपरोक्त'.
कुणाला वाईट वाटलं नाही.
मग जोडरेघेची चलाखी:
भरती-ओहोटी, एक.
मीठ-मजूर, एक.
बांधावरून, चिखलासकट, उधाणापर्यंत
हे मराठीनं आधीच जोडून ठेवलेले, तिचे उपकार.
पहाटेपर्यंत चारशे तीस वाचले.

सर फोनवर म्हणाले, चहा पीत असावेत,
"प्रकरण चारमधल्या त्या आजी किती बोलतात हो!
एका वाक्यात घ्या. 'निवेदकांच्या मते' असं."

चांगूबाय भोईर, घणसोली, वय ऐंशीच्या आसपास.
चिखलाला तिच्याकडे सात नावं.
घोटा बुडतो तो वेगळा, गुडघा गिळतो तो वेगळा,
निवटी उड्या मारते तो वेगळा.
सहा सांगितली.
सातव्याला ती थांबली,
आणि रेकॉर्डरमध्ये एक मिनिट चाळीस सेकंद
नुसता वारा, लांब कुठे पायलिंगचं मशीन.
त्याचे शब्द शून्य भरले.

मी तिला परिशिष्ट तीनमध्ये नेलं.
अख्खी. अकरा हजार शब्द, खोकल्यासकट.
तिथे कुणी मोजत नाही.
तिथपर्यंत कुणी येतं का, ते सरांना विचारलं नाही.

काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.
प्रत घेऊन गेले तर ती ओट्यावर नव्हती,
मागलेदारी चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसलेली.
"मना कंचे पानाव ठेवलास?"
शेवटी, बाय. पार मागे.
"मंग बरा," ती म्हणाली,
"मागलेदारशीच खारी दिसते."

समोर निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं, त्यावर टॉवरचं चित्र.
तिनं हनुवटीनं त्याच्या पलीकडे दाखवलं
आणि सातवं नाव घ्यायला तोंड उघडलं.
अर्धं ऐकू आलं.
तेवढ्यात एक नांगी सुटली.