भरतीला अजून वेळ होता

फॉर्मवर एक रकाना होता :
मुलाला काय जमत नाही ते लिहा.
मीच छापून घेतला होता तो,
बोरिवलीच्या झेरॉक्सवाल्याकडे, घाईघाईत.
देवांगच्या आईने बारीक अक्षरात लिहिलं,
जागा संपली तशी मागच्या पानावर गेली.
झुल्फाच्या वडिलांनी एकच शब्द : ऐकणं.
पाड्यावरच्या सोमीने आपला फॉर्म आपणच भरला.
त्या रकान्यात लिहिलं : पोहता येतं.

गोराईला ग्लेनिस आंटीच्या वाडीत तंबू पडले.
रात्री डास, सकाळी पाव आणि सुकटाची चटणी,
आणि एका पोराचं एकसारखं विचारणं :
इथे बिबट्या येतो का, येतो का, येतो का.
दर वेळी आंटी नव्याने सांगायची, नाही रे बाबा,
त्याला होडीचं तिकीट कोण देणार.

अष्टमी होती. भांगाचं पाणी,
सावकाश उतरणारं.
खाडीच्या चिखलावर आम्ही फळ्या टाकल्या होत्या,
लग्नाच्या मांडवातल्या, एकीवर अजून
जिलेटिनचा गुलाबी तुकडा चिकटलेला.
चौथ्या फळीवर देवांगची खुर्ची घसरली
आणि डावं चाक आसापर्यंत आत गेलं.

मी काय केलं ते सांगायला हवं.
मी ओरडले. मग हसून दाखवलं. मग परत ओरडले.
दोघांना दोर आणायला पिटाळलं,
बाकीच्यांना तिवरांकडे वळवलं, मुळं मोजा म्हणाले,
म्हणजे कुणी त्याच्याकडे बघत राहणार नाही.
त्याला म्हणाले, हलू नकोस हं.
तो म्हणाला, मी कुठे हलतोय.

दोर यायला चाळीस मिनिटं लागली.

चाळीस मिनिटं तिथे कुणीच चाललं नाही.
ना बूट, ना काठी, ना माझी शिट्टी.
आधी एक बीळ ओलं चमकलं.
मग दोन डोळे वर आले, डोक्यावर ठेवल्यासारखे.
मग निवटी. मग दुसरी.
तिसरीने पाठीवरचा पर शिडासारखा उभारला
आणि दुसरीच्या अंगावर धावून गेली,
चिखलात, कोपरांवर.
मी बारा वर्षं मुलांना इथे आणते आहे,
मला निवटी ठाऊक आहे ती पळताना.
माझ्यासाठी ती नेहमीच एक 'बघा बघा गेली'.

झुल्फा मुळं मोजत नव्हती.
ती फळीच्या टोकाशी उकिडवी बसली होती.
या माशासाठी तिच्याकडे खूण नव्हती,
कुणी शिकवली नव्हती, तेव्हा तिने केली :
दोन मुठी कपाळावर, डोळे म्हणून,
आणि कोपरं पुढे, एक, मग दुसरं.
देवांगने लगेच तशीच केली.
त्याचा उजवा हात पुरता वर जात नाही,
त्यामुळे त्याची निवटी जरा काणी झाली.
दोघं इतकी हसली
की खरी निवटी बिळात गेली
आणि काही वेळाने, काय झालं बघायला, परत आली.

दोर आला. सोमी कमरेपर्यंत चिखलात उतरली,
चाकाखाली फळी सारली, आम्ही ओढलं.
बाहेर आल्यावर तो रडला.
मी त्याला जवळ घेतलं, म्हटलं, झालं, संपलं.
तो म्हणाला, तेच तर.
भरतीला अजून वेळ होता.

सोमवारी त्याच्या आईचा फोन आला.
चारकोपची सोसायटी, लिफ्टपासून दारापर्यंत
चिखलाची एक रेघ, वॉचमनची कुरकुर.
मी माफी मागायला सुरुवात केली.
ते राहू दे हो, ती म्हणाली,
तो चाक पुसू देत नाही,
आणि जेवताना सारखं असं काहीतरी करतो,
थांबा, दाखवते.

व्हिडिओत आधी पंखा दिसला, मग भिंत,
मग आमटीचं ताट,
आणि कपाळावर दोन मुठी,
एक जरा खाली.

हे काय आहे, तिने विचारलं.

माझ्या टेबलावर पुढच्या शिबिराचे फॉर्म होते,
अजून न कापलेले.
फोन कपाला टेकवून उभा केला.
मुठी वर नेल्या.
कोपर पुढे टाकताना लक्षात आलं,
मला नीट जमत नाही.