निळा किती टाकायचा

माझ्या टेबलावर प्लास्टिकचा एक डोळा आहे.
त्याचं पुढचं झाकण सैल झालंय,
अकरा वर्षं उघडून दाखवते ना.
ही बाहुली. तिच्यामागे हे भिंग.
हे गढूळ झालं की मोतीबिंदू.
वर पडदा वाढत नाही, मावशी. आतलं आहे.
"आतलं म्हणजे डोळा काढून बाहेर ठेवता का वो?"
नाही. डोळा जागेवरच राहतो.
दिवसातून चाळीसदा सांगते हे,
आणि चाळीसदा समोरचे खांदे
बोटभर खाली उतरतात.

बाहेर त्रेचाळीस डिग्री.
बाकावर साखर पेठ, विडी घरकुल, अक्कलकोट रोड,
तेलुगू, कन्नड, आणि ह्या दोघींत वाढलेली आमची मराठी.
थेंब टाकून बाहुल्या मोठ्या झालेल्या,
सगळे खिडकीकडे पाठ करून.

"उन्हाळ्यात चिघळतं म्हणे.
गड्डा झाल्यावर केलं तर?"
गड्डा जानेवारीत, अण्णा. हा मे आहे.
तोवर कितीदा पायरी चुकणार तुमची?

"अजून पिकला नाही की पण."
तो काय आंबा आहे?
अढीत घालून बसलात तर कडक होतो,
काढायला जड जातो.

रमव्वा कोंपेल्ली डोळ्याचं काहीच विचारत नाही.
"विड्या किती दिवस वळायच्या नाहीत?"
तंबाखूची धूळ, मी म्हणते, महिनाभर तरी नको.
ती बोटांवर हिशोब मांडते,
न बघता पान कातरणारी बोटं.
"मग महिनाभर दिसून तरी काय करू?"
आमच्या पत्रकात बावीस प्रश्न छापलेत.
हा नाही.

अंबय्या येमूल, वय अडुसष्ट,
चादरीच्या सुताला रंग देणारे.
नखांच्या कडेला निळं.
त्यांनी विचारलं, "चालू असताना काय दिसतं?"
आत जाऊन आलेले सांगतात ते सांगितलं:
उजेड. पाण्याखालून बघावा तसा.
गुलाबी हलतं, हिरवं हलतं,
लांब कुणीतरी बोलत असतं.
"मग आमचा हौदच की," म्हणाले
आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
त्यांनी भिंत बघितली. मग माझी ओढणी.
एक डोळा झाकला. मग दुसरा. परत पहिला.
एकाच ओढणीत दोन निळे,
एक धुतलेला,
एकावर चहा सांडलेला.
"म्हणजे चार वर्षं
मी निळा जास्त टाकत होतो.
कुणी बोललं कसं नाही?
माल परत कसा आला नाही?"

दारात मल्लेश, त्यांच्या हाताखालचा पोरगा,
चपला हातात घेऊन उभा.
कालच त्यानं मला हळूच सांगितलं होतं:
मास्तर म्हणायचे, अजून मूठभर,
तो हौदावर रिकामी मूठ झटकायचा.
परत, अजून मूठभर.
परत रिकामी.
तिसऱ्यांदा मास्तर वाकून बघायचे, म्हणायचे,
हां. आता बसला.

पोरगा माझ्याकडे बघत होता.
मी पत्रक पुढे केलं.
हा थेंब दिवसातून सहादा, हा चारदा,
आधी हात धुवायचे.
डोक्यावरून पाणी नको, चोळायचं नाही,
दुखलं, लाल झालं, दिसायचं कमी झालं
तर थांबू नका, लगेच या.
नेहमीपेक्षा जरा भरभर बोलले असेन.

"दुसरा कधी?"
पुढच्या महिन्यात, डॉक्टर तपासून सांगतील.
काळा चष्मा त्यांनी कानांवर नीट बसवला,
चपलांसाठी पाय चाचपडत म्हणाले,
"तोवर निळा तू टाक, मल्लेश."
"किती, मास्तर?"
"रोज टाकतोस तेवढाच."