रद्द प्रत

हॅलिफॅक्सच्या वाचनालयाबाहेर, वीस पेन्सच्या खोक्यात
डॉरीन ऑक्रॉइडला सापडलं
तिचंच पुस्तक. 'रद्द' असा जांभळा शिक्का.

एकतीस पुस्तकं. राजे तिने चार पानांत उरकले,
रोमन सैनिकांच्या शौचकूपाला मात्र अख्खं प्रकरण –
मुलं पत्रांतून तेच विचारायची.

संपादक म्हणाला होता, गिरणीतल्या पोरीची
बोटं तेवढी शाबूत ठेवा, मुलं घाबरतील.
ती अडून बसली. दोन गेली ती गेलीच.
त्या वर्षी शाळांनी पुस्तक घेतलं नाही;
तिने पुन्हा संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या.

आता पान सव्वीस:
कुणीतरी पेन्सिलीने, दातांत जीभ धरून बहुधा,
दोन्ही बोटं रेखून दिलीत,
एक जरा लांबच.

काउंटरवरचा पोरगा म्हणतो, जुनं आहे, तसंच न्या.
ती वीसच्या वीस पेन्स मोजते.