बावीस आणि पंधरा

मेहरून, तुझा फोटो मिळाला.
उचकटलेल्या फळ्या, खाली काळोख,
काळोखात एक जुनी तांब्याची नळी, कोपरावर हिरवी पडलेली,
आणि भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पत्र्याच्या पेटाऱ्यावर
सुकत घातलेले दोन पायमोजे,
माझ्या अंगठ्याएवढे.
खाली लिहिलंस: तांबं घेऊ की प्लास्टिक?
मिस्त्री उद्या विचारील.

फोन घेऊन खेडेकराच्या दुकानात गेलो.
म्हटलं, रेडिएटरला कुठली नळी बरी?
तो म्हणाला, कुठल्या गाडीच्या?
बाकावरची माणसं हसली. मीही हसलो.
ऑक्टोबरची काहिली, खाडीवर वाऱ्याचा पत्ता नाही,
फेरीबोटीच्या रांगेत एक जीप बॉनेट उघडून वाफ सोडत उभी,
आणि मी घर गरम करायला निघालेला.

एकवीस वर्षं कुवेतात मी उलटंच काम केलं.
गार पाण्याच्या लाइनी ओढल्या छताच्या पोटातून,
वर काळं रबर गुंडाळलं,
लोकांच्या निजायच्या खोल्या थंड केल्या.
तू तेव्हा इथे पडवीत
पुठ्ठ्यानं वारा घेत पाढे म्हणायचीस.
हे हिशेबात धरत नाही. आपलं सांगितलं.

खेडेकरानं वीत-वीतभर तुकडे फुकट दिले.
तुझ्या अम्मीनं चुलीवरचा टोप उतरवला.
माझ्या एका मुठीत तांबं, दुसरीत प्लास्टिक,
ती वरून कढत पाणी ओतते आणि पुटपुटते.
तांब्यानं लगेच चटका दिला.
चुगलखोर धातू, आतलं सगळं बाहेर सांगून टाकतो.
प्लास्टिक गप्प. दहापर्यंत मोजलं, तेव्हा कुठे कोमट.
अम्मी म्हणाली, हे तुमच्यावर गेलंय.

तर ऐक.
डोळ्यासमोर राहील तिथे तांबं लाव.
फळ्यांखाली प्लास्टिक चालेल, पण अखंड,
मधे जोड नको.
जोड म्हणजे माणसाचा हात,
आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हात घाईत असतो.
मी केलेत तसे जोड. कुठे, ते सांगणार नाही.

त्या प्लास्टिकला हवा अडवणारा थर आहे का, बघून घे.
नसेल तर नळीच्या अंगातून हवा झिरपते,
दिसत नाही, ठिबकत नाही,
चार हिवाळ्यांत पत्रा आतून खाते आणि पाणी काळं करते.
मिस्त्री म्हणेल, एवढं काही होत नाही.
त्याला म्हणावं, माझा बाप दाभोळात राहतो,
तिथे मशिदीच्या फाटकाची कडी
दर रमजानाआधी नवी घालावी लागते.

लाकडाला नळी घासू देऊ नकोस.
तापली की तांब्याची लांबी वाढते,
निवताना रात्री टकटक करतं, बाळ दचकेल.
भोक जरा सैल ठेव, जुन्या ब्लँकेटची पट्टी घाल.

आणि प्रत्येक खोलीला दोन नळ्या,
एक जाणारी, एक परतीची.
तो म्हणेल एकीत भागतं.
भागतं. पण शेवटच्या खोलीला उरलंसुरलं मिळतं.
बाळ कुठल्या खोलीत निजतं?

रात्री तुझा फोन आला.
स्वयंपाकघरात उभी होतीस, अंगात कोट,
बोलताना तोंडातून वाफ.
अब्बा, याच्या पायात मोजे टिकतच नाहीत.
अब्बा, तुम्ही कधी येताय?

इथे वीज गेली होती.
पंख्याची पाती ओळखू येण्याइतकी मंद झाली.
मी म्हटलं, बॉयलरपासून निघताना बावीस घे,
खोल्यांकडे वळताना पंधरा.
दहाची दाखवली तर नको म्हण,
बारीक नळीत गाळ अडकतो.

तू म्हणालीस, अब्बा.

मी म्हटलं, बावीस.
लिहून घे.