माशाचं पोट

मासा आम्ही निळ्या ताडपत्रीचा केला.
ताडपत्री ओबेदच्या काकांच्या गॅरेजमधली, शेपटीला ऑइलचा वास,
डोळ्यांच्या जागी दोन जुन्या सीडी,
एकीवर अजून मार्करनं लिहिलेलं : ‘पॅट्रिक-शीला, लग्न, भाग २’.
आत बांबूच्या कमानी, खाली पुसून घेतलेली गार फरशी,
वर देवळाचा सगळ्यात म्हातारा पंखा.

घोरपडीत मे महिना म्हणजे
रेल्वे फाटकाचा दांडासुद्धा हात लावू देत नाही.
त्या उन्हात करुणाताईनं आम्हाला दारोदार पाठवलं
पिशवीभर आमंत्रणं देऊन.
दहा ते एक. गोष्टी, खेळ, सरबत. फुकट.
मी बारावीच्या निकालाची वाट बघत होतो.
घरी आईच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं,
एवढीच माझी श्रद्धा.

नव्या टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग.
एका बाईनं आमंत्रण उलटंसुलटं करून पाहिलं.
‘पोरीचं नाव तर नाही ना बदलणार?’
ओबेद गप्प. मी म्हणालो,
‘नाही मावशी, फक्त पुठ्ठ्याच्या बिल्ल्यावर लिहितो.’

आणि लिहिलं तेही चुकवून.
दुसऱ्या दिवशी ती समोर उभी, नऊ वर्षांची, कमरेवर भाऊ.
‘काय लिहिलंय, वाच.’
‘भीमाबाई.’
‘खोड ते. भीमव्वा.’
मी खोडलं.

पन्नासेक पोरं.
कृतिगीतात उजवा हात वर म्हटलं की
निम्मे डावे वर, दोघांचे दोन्ही,
एकानं पाय उचललेला.
पाळक रणपिसे दारात टेकून हसत होते,
म्हणाले, निनवे असंच होतं बघ,
उजवंडावं न कळणाऱ्यांचं गाव,
त्याच्यासाठीच तर त्या योनाला एवढं हिंडवलं.

भीमव्वाचा हात मात्र कधीच चुकला नाही.
डावा भावाच्या बुडाखाली अडकलेला असायचा.

शेवटच्या दिवशी योना कोण, याच्या चिठ्ठ्या टाकल्या.
तिची निघाली.
तिनं हॉलभर नजर फिरवली,
भावाला उचलून माझ्या कमरेवर ठेवलं,
जशी कुणी रांगेत पिशवी ठेवतं,
आणि वाकून माशाच्या तोंडात शिरली.

ओबेदनं परात बडवून वादळ केलं.
आम्ही तीनदा दिवे घालवले, तीनदा लावले : तीन दिवस झाले.
करुणाताई वहीतून वाचत होती, ‘मग माशानं योनाला...’
पोरं ओरडली, ओक! ओक! ओक!
मासा काही ओकेना.

मी पोराला सावरत खाली वाकून पाहिलं.
भीमव्वा कुशीवर झोपली होती.
बिल्ला गालाला चिकटलेला.
दोन्ही हात रिकामे, फरशीवर उघडे टाकलेले,
जणू कुणीतरी नुकतेच तिला परत केले होते.

पाळकांनी ओठांवर बोट ठेवलं.
उपासनेत ज्यांना पाच मिनिटं धीर नसतो
ती मोठी माणसंसुद्धा चवड्यांवर बाहेर गेली.
सरबत अंगणात वाटलं, चिंचेखाली.
गोष्ट अर्धीच राहिली. एका पोरानं विचारलं,
योना अजून आतच आहे का?
हो, म्हटलं. गार वाटतंय त्याला.

तिच्या भावाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.
त्यानं माझ्या नव्या टी-शर्टवर मुतलं,
तरुण संघाच्या नावावर, बरोबर मधोमध.

पावणेदोनला ती बाहेर आली, चिडलेली.
‘का नाही उठवलं? सरबत संपलं?’
एक पेला झाकून ठेवला होता.
भावाला आधी तिनं जागच्या जागी घेतलं, न बघता,
मग एका हातानं सगळा पेला प्यायली,
त्याला थेंबही दिला नाही.

संध्याकाळी ताडपत्री पोचवली, सीडी शीलाकाकूंना परत केल्या.
निकालाबद्दल आई काहीतरी बोलत होती.
रात्री कूस बदलताना जाणवलं,
कमरेची डावी बाजू
ठणकते आहे.