मंगळवार, सव्वाअकरा ते बारा

थॉर्नगिलमधली बँक बंद झाली, त्याला दीड वर्ष झालं.
दगडी इमारत तशीच आहे,
दारावर कोरलेलं सालही तसंच.
आत आता कुत्र्यांचे केस कापतात.

मंगळवारी बँक येते, चाकांवर.
चर्चच्या भिंतीला खेटून उभी राहते,
बाराच्या ठोक्याला निघून जाते.
बर्फ असला तर येतच नाही.

मी मुलीकडे आलेली, सहा महिन्यांसाठी.
खरं तर मला बँकेत काही काम नाही.
पण रांग दिसली की पाय थबकतात;
बावीस वर्षं बचत गटांत काढली,
जत तालुक्यात, एस्टीने, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून.
माणसं पैशापाशी कशी उभी राहतात
ते मला पाठीवरून कळतं.

पुढची पाठ विनिफ्रेड टायसनची.
वय एक्याऐंशी, मेंढ्या साठ, कुत्रा एक,
नवरा याच भिंतीच्या पलीकडे, गवताखाली.
लोकर कातरणाऱ्याचे पैसे द्यायचेत.
नोटा मोजताना ओठ हलतात:
यान, टान, टेथेरा...
मेंढ्या मोजायचे जुने आकडे, आजोबांचे.
इंग्रजी नव्हेत. मला तर जास्त जवळचे वाटले.

गाडीतला पोरगा गोड बोलतो.
म्हणाला, मार्चनंतर ही गाडीपण नाही, आजी.
फोनवर घ्या ना सगळं. अगदी सोपं आहे.
फक्त अंगठा ठेवायचा.

तिने ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
पुसून ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.

आमच्याकडे अंगठेबहाद्दर म्हणजे अक्षरशत्रू.
इथे तर बाई रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते,
तिला म्हणतात, दाखव अंगठा,
आणि दाखवला
की यंत्रच तिला अंगठा दाखवतं.

मी तो हात हातात घेतला. न विचारता.
रेषा नव्हत्याच.
दगडी कुंपणं रचून, अडलेली कोकरं ओढून
गुळगुळीत झालेला, नदीतल्या गोट्यासारखा.

हा अंगठा मी ओळखते.
सोजराबाईचा. ऊस तोडून, भांडी घासून असाच झालेला.
बँकमित्राचं मशीन तिला ओळखेना,
तेव्हा तिने तो केसांवरून फिरवला, तेलासाठी,
आणि मशीनला म्हणाली, आता तरी बघ की गं माझ्याकडं.

माझं इंग्रजी तुटकं, तिचं डोंगराळ.
मी खुणेनं सांगितलं: केसांवरून फिरवा.
विनिफ्रेड हसली. तिचे केस कोरडे, पांढरे, वाऱ्याचे.
मग कोटाच्या बाहीला चिकटलेला लोकरीचा पुंजका
तिने चिमटीत धरला, चोळला.
लोकरीतही तेल असतंच. मला कुठे ठाऊक होतं!

बारा वाजले. गाडी गेली.
आता अंगठा होता, रेंज नव्हती.
रेंज वर, कोंडवाड्याच्या फाटकापाशी मिळते म्हणे,
चिखलातून वीस मिनिटं.
माझे गुडघे, तिची काठी, कुत्रा पुढे.

आमच्या पेटीला तीन कुलपं होती.
किल्ल्या तिघींकडे: सोजरा, अंजिरा, कडूबाई.
एकीनं मोजायचं मोठ्यानं, बाकीच्यांनी ऐकायचं;
पन्नासाची नोट दुमडलेली असली
तर ती कुणाची, तेही कळायचं.
कडूबाई तापात होती तेव्हा
आम्ही पेटी तिच्या खाटेपाशी नेली होती.

फाटकापाशी फोन उजळला.
अंगठा. थोडं थांबून
आकडा आला.

विनिफ्रेडने फोन लांब धरला, मग जवळ.
खाली मेंढ्या पांगलेल्या होत्या,
तिने सवयीने एकदा त्यांच्यावरूनही नजर फिरवली.
मग मला विचारलं,
जणू माझ्याकडे एखादी किल्ली असावी तसं:

हे मोजलं कुणी?