उतारावर कण्हतो

टॅनर्स कोव्ह शेतकी मंडळाचं जे काही उरलंय
ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतं:
दीड वही, सत्तावीस पावत्या,
सलगमाच्या बियाण्याची रिकामी पुडी,
आणि उंदरांनी अर्धीच वाचून सोडलेली नियमावली.

दर मंगळवारी मी इथे बसतो.
संग्रहालय म्हणजे जुन्या टपाल कचेरीची मागची खोली,
हीटर एकच, तोही माझ्याकडे पाठ करून.
चाळीस वर्षं या किनाऱ्यावर गुरांचा डॉक्टर होतो.
आता कागद तपासतो. कागद लाथ मारत नाहीत.

अठराशे त्रेचाळीस. अध्यक्ष हेझेकाया ट्रूप यांनी
खताच्या ढिगावर छप्पर असावं की नसावं
यावर तीन बैठका घेतल्या.
चौथीला कोणी आलं नाही.
गैरहजेरीचा दंड सहा पेन्स, वसुली शून्य.
उत्तम लोण्याचं बक्षीस: मिसेस हेझेकाया ट्रूप.
दुसरं: मिसेस सायलस क्रॅन.
जणू रवी नवऱ्यांनीच घुसळली.

पंचेचाळीसचं पान भिजून सुकलेलं आहे.
बटाट्याच्या रकान्यात आकडा नाही, नुसती एक रेघ,
आणि खाली: बैठक लवकर आटोपली.

मग येतो वळू.
नाव ड्यूक, जात एअरशायर,
हॅलिफॅक्सहून गलबतातून आणलेला,
एकतीस पौंड, सगळ्यांच्या वर्गणीतून.
तिघांच्या गोठ्यांत पाळीपाळीने ठेवायचा ठरला
आणि तिघांच्या भांडणाने वहीची अकरा पानं चरून टाकली.
ओट कोणी कमी घातले,
कुंपण कोणाचं मोडलं,
ट्रूपच्या गायी रिकाम्या का राहिल्या.
ऑक्टोबर एकोणपन्नास. ठराव:
वळू आळशी आहे.
अनुमोदन मिळालं. संमत.

त्याच पानाच्या तळाशी दुसरं अक्षर.
चिटणीस क्रॅन यांचं नव्हे;
त्यांचं नांगराच्या तासासारखं, खोल आणि वाकडं.
हे बारीक, घाईतलं,
दुसरीकडे कोणी बघत असताना लिहिल्यासारखं:

*उतारावर कण्हतो. चढावर नाही.
कोपरं अंगापासून दूर धरतो.
बसताना भितो.*

त्यावर आडवी काट.
काटेची शाई चिटणिसांची.

माझा चहा तसाच राहिला.
अहो, खिळा!
कुंपणाचा असेल, नालेचा असेल,
चाऱ्याबरोबर गेलेला, दुसऱ्या पोटात रुतलेला,
तिथून काळजाकडे तोंड करून बसलेला.
उतरताना सगळा भार पुढे येतो
आणि तो टोचतो.
मला हे शिकायला पाच वर्षं कॉलेज लागलं
आणि वर एका गायीचा जीव.
हिला गोठ्याचं दार पुरलं.

वहीत मुडपून ठेवलेला टिपकागद आहे,
शाईच्या उलट्या ठशांनी भरलेला.
बाथरूममधल्या आरशासमोर धरला:
बेरजा, बेरजा, सलगम, हॅलिफॅक्स,
आणि कोपऱ्यात कोणीतरी टाक चालतो का पाहिलेलं,
थर्झा
थर्झा
थर्झा क्र
इथे शाई संपली, किंवा कोणी हाक मारली.

जानेवारीत नोंद आहे: वळू मेला.
कातडं विकलं, नऊ शिलिंग.
पोट उघडून पाहावं असं कोणालाच वाटलं नाही.
पुढच्या बैठकीत नव्या वळूवर चर्चा,
अक्षर क्रॅनचं, सुबक नाही पण ठाम.
तळाशी कोरी जागा.
त्यानंतरच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मी पाहिलं.

सूचीच्या कार्डावर एक रकाना असतो, लेखक.
मी क्रॅन, सायलस असं लिहिलं,
खाली पेन्सिलने दुसरं नाव,
आणि पावणेदोनशे वर्षं उशिरा
त्या खोडलेल्या ओळीला
अनुमोदन दिलं. सभेला मी एकटाच होतो.

गायींना गिळायला द्यायचं ते लोहचुंबक,
बोटाएवढं, माझ्या कोटात अजून असतं;
हल्ली पावत्या उडू नयेत म्हणून ठेवतो.
निघताना सगळं आवरलं, झाकण लावायला गेलो,
तर ते टेबलावरून आपणहून सरकलं
आणि डब्याच्या पोटाला
टक्कन चिकटलं.